कोंडवाड्याच्या वहीतला रिकामा रकाना

२७ सप्टेंबर १९९४, मंगळवार

इस्टेटचं पत्र आलं. पाकीट जाड होतं. मेलथॉर्प गावाची सगळी जमीन गेल्या वर्षी ज्यांनी विकत घेतली, त्या नव्या मालकांच्या लक्षात आलंय की कोंडवाड्याला लागून असलेल्या घरात, म्हणजे आमच्या घरात, दोन माणसं भाडं न देता राहतात. हे घर पहिल्या कोंडवाडेवाल्याच्या वंशात राहावं असा गावचा रिवाज आहे, हे त्यांना मान्य आहे. पण तो वंश तुमचाच कशावरून? पुरावा २४ नोव्हेंबरला गावच्या बारा पंचांच्या बैठकीत मांडावा.

कशावरून म्हणे! माझं आडनाव पिंडर. आमच्या या उत्तरेकडच्या भागात भटकी गुरं पकडून कोंडणाऱ्याला पिंडर म्हणतात. सहाशे वर्षांपूर्वीच्या कागदांतही ही माणसं आहेत. जॉन द पिंडर, विल्यम द पिंडर, सगळे गुरं कोंडणारे. स्मिथ, म्हणजे लोहार, अशा आडनावाचा माणूस भेटला की त्याच्या खापरपणजोबाने ऐरण ठोकली होती याचा कोणी पुरावा मागतं का? आणि स्मिथ तर ढिगाने सापडतात. आमच्या जिल्ह्याच्या टेलिफोनच्या पुस्तकात पिंडर फक्त नऊ आहेत.

"मग दे ना पुरावा. इतका फुरफुरतोस कशाला?" मर्टल म्हणाली.

मर्टल माझी थोरली बहीण, शहात्तर वर्षांची. मी एकाहत्तरचा. लग्न दोघांनीही केलं नाही, दोघांचा जन्म याच घरातला. हे घर गेलं तर या वयात कुठे जायचं, हे मी तिच्यापुढे बोललो नाही. तिला काही काळजी वाटलेली दिसत नाही. ती विणत बसली होती. एकच ओळ तिने तीनदा उसवली, लोकर खराब आली असावी.

४ ऑक्टोबर

पत्र येऊन आठवडा होतो न होतो तोच जुन्या शाळेच्या घरात एक बाई राहायला आल्या. नाव रोवेना क्लेडन, पन्नाशीच्या, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा, सोबत एक पांढरी शेळी. जिल्ह्यातल्या जुन्या आडनावांवर पुस्तक लिहितात म्हणे. शाळेचं घर इस्टेटचं आहे, हे इथे नोंदवून ठेवतो.

मी कोंडवाड्याच्या भिंतीवरची वेल छाटत होतो, तिथे येऊन म्हणाल्या, "तुम्हीच मिस्टर पिंडर ना? अहो, मी तुम्हालाच शोधत होते."

शोधत होत्या! मी म्हटलं, "मी कुठे हरवलो नव्हतो."

हसल्या आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं. पेन्सिलीने. ज्याला खोडायचं असतं तोच पेन्सिलीने लिहितो. कोंडवाड्याचं वडिलोपार्जित काम सांभाळून मी चाळीस वर्षं कालव्यांच्या दारांवर नोकरी केली, पाण्याची पातळी रोज शाईने लिहिली.

९ ऑक्टोबर, रविवार

गावच्या हॉलमध्ये क्लेडनबाईंचं भाषण झालं. मी जाणार नव्हतो, पण शत्रूचं म्हणणं ऐकलेलं बरं. मर्टलने प्लम ब्रेड, मनुका घातलेला गोड पाव, भाजून नेला आणि वर त्या बाईंना चीजचा मोठा तुकडा दिला. आपल्या घरातलीच माणसं अशी वागायला लागली तर काय करायचं?

आडनावं कशी पडतात ते बाईंनी सांगितलं. काही कामावरून, काही बापावरून, काही अंगाच्या ठेवणीवरून. मग म्हणाल्या की सापडलेल्या बेवारस मुलांना पूर्वी जागेवरूनही आडनाव देत. चर्चच्या पोर्चमध्ये सापडलं त्याचं आडनाव पोर्च. बाजाराच्या ओट्यावर सापडलं ते मार्केट. त्यामुळे नाव वाचून लगेच अर्थ लावू नये, आधी कागद बघावा. हे सांगताना त्यांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं. पोर्च नावाचा कोणी मला माहीत नाही. मला डुलकी लागत होती.

२० ऑक्टोबर

आज सकाळी बाई कोंडवाड्यात टेप लावून मापं घेत होत्या. भिंतीची उंची, दाराची रुंदी, आणि कोपऱ्यातला तो चपटा दगडसुद्धा. त्यांच्या टोपलीत इस्टेटचा शिक्का असलेलं तपकिरी पाकीट होतं. मला जेवढं कळायचं तेवढं कळलं.

पबमध्ये हॉरिस बर्किट भेटला. हॉरिस म्हणजे बारा पंचांचा प्रमुख. शहात्तरच्या दुष्काळात त्याची कालवड गव्हात शिरली होती, ती मी नियमाप्रमाणे कोंडली. तेव्हापासून आमचं बोलणं बेताचंच आहे.

"एडविन, बैठकीची तयारी झाली का रे?" त्याने विचारलं. "काही लागलं तर सांग हो."

"काय लागणार आहे?"

"मला काय माहीत? म्हणून तर विचारतोय, बाबा."

मी काही सांगितलं नाही. अठरा वर्षांत ज्याने हवापाण्यापलीकडे विचारलं नाही, त्याला आज माझी तयारी का हवी? नंतर बारवरची बाई म्हणाली, तुझ्या बिअरचे पैसे हॉरिसने दिलेत. मी पुढची घेतलीच नाही.

२ नोव्हेंबर

कोंडवाड्याची पहिली वही चर्चच्या पेटीत असते. १७३० पासूनची. आमच्याकडे घरी आहेत त्या १७९० नंतरच्या. पुराव्यासाठी ती काढायला गेलो तर पाद्री म्हणाले, "क्लेडनबाई गावात आल्यापासून तीच वाचतायत. किती मन लावून वाचतात!"

वही उघडली. १७४१ सालाच्या पानात पांढऱ्या कागदाची पट्टी ठेवलेली. खूण करून ठेवली होती, म्हणजे सवडीने ते पान कापायचं. आमच्या घराण्याचा सगळ्यात जुना पुरावा त्याच पानावर असणार. जुनं अक्षर, त्यात चष्मा घरी राहिलेला, त्यामुळे वाचता काही आलं नाही. पट्टी खिशात घातली आणि वही कोटाखाली धरून घरी आणली. पाद्रींनी विचारलं, पावती लिहून द्याल का? मी म्हटलं, कोंडवाड्याची वही कोंडवाडेवाल्याच्या घरी चाललीय, पावती कसली?

५ नोव्हेंबर

बाई दाराशी आल्या. "मिस्टर पिंडर, ती वही तुमच्याकडे आहे असं कळलं. त्यातल्या एका पानाबद्दल तुमच्याशी बोलायचंय. बैठकीच्या आधी, आणि फक्त तुमच्याशी."

फक्त माझ्याशी! म्हणजे सौदा करायचाय. मी म्हटलं, "जे बोलायचं ते पंचांपुढे बोला."

"ते तुम्हाला बरं वाटणार नाही हो."

"धमकी देताय?"

त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या. मी दार लावून घेतलं. मर्टल आतून ओरडली, "अरे, चहा तरी विचारायचास!"

११ नोव्हेंबर, सेंट मार्टिनचा दिवस

आज कोंडवाड्यातल्या चपट्या दगडावर दुधाचा वाडगा ठेवला. आमच्या घरात हे पहिल्यापासून चालत आलंय. आजी ठेवायची, आई ठेवायची, आता मर्टल ठेवते. का, ते कोणाला माहीत नाही. मांजरं पितात.

मर्टल सहज म्हणाली की हे तिने क्लेडनबाईंना सांगितलंय.

"तू त्यांना हे कशाला सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं, म्हणून सांगितलं. ऐकता ऐकता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, एडी."

"सर्दी झाली असेल."

"तू ना, स्वतःच्या सावलीलाही कोंडशील एक दिवस," असं म्हणून ती आत गेली. मला फार राग आला. मी हे सगळं कोणासाठी करतोय? घर वाचावं म्हणून रात्रंदिवस डोळ्यांत तेल घालून बसायचं, आणि बहिणीने शत्रूला घरातल्या गोष्टी पुरवायच्या.

१३ नोव्हेंबर, रविवार

देव आहे. युद्धात गेलेल्यांसाठी आज सकाळी स्मारकावर खसखशीच्या लाल फुलांची चक्रं वाहिली, आणि दुपारी क्लेडनबाईंच्या शेळीने त्यातली दोन खाल्ली. फुलं कागदाची होती तरी खाल्ली. मी तिला शिंगाला धरून कोंडवाड्यात आणलं. कितीतरी दिवसांत इतकं समाधान झालं नव्हतं.

पाणी ठेवलं, पेंढा घातला. गाजरंही घातली, थंडी होती म्हणून.

१४ नोव्हेंबर

सकाळी बाई आल्या. मी वही काढून रिवाजाप्रमाणे विचारलं, "कुणाचा दावा?"

"माझा."

"खूण सांगा." दावा करणाऱ्याने खूण सांगितल्याशिवाय जनावर सोडायचं नाही, हा आमचा नियम.

"डाव्या कानाला चीर आहे. आणि स्वभाव वाईट आहे." मग वाकून त्यांनी गव्हाणीत पाहिलं. "गाजरं? तुमच्या वाफ्यातली? माझ्या शेळीला?"

"शेळी कुणाची हा नंतरचा प्रश्न. कोंडलेल्याला आधी खायला द्यायचं, मग मालक कोण ते विचारायचं. पहिल्या कोंडवाडेवाल्यापासूनचा नियम आहे हा."

बाईंनी शेळीच्या पाठीवरचा पेंढा झटकला. मग म्हणाल्या, "हो. त्याने तो अगदी काटेकोर पाळला. मिस्टर पिंडर, १७४१ चं ते पान स्वतः वाचा. नोव्हेंबर महिना. भिंग घेऊन, सावकाश. मी ते इस्टेटला दाखवलेलं नाही आणि दाखवणारही नाही. तुमची परवानगी नसेल तर पुस्तकातही घालणार नाही."

"इस्टेटची पाकिटं तुमच्या टोपलीत असतात."

"भाड्याची पावती असते हो ती! मलाही भाडं भरावं लागतं."

शेळी घेऊन गेल्या. सोडवणुकीची म्हणून ठरलेली बिअरची बाटली भिंतीवर ठेवून गेल्या. यात काय डाव असेल, दिवसभर विचार करतोय.

१६ नोव्हेंबर

आज दुपारी खिडकीशी बसून वाचलं. मर्टलने भिंग धरलं. पान तसंच्या तसं उतरवून ठेवतो.

वहीत पाच रकाने आहेत: काय सापडलं, खूण, खायला काय दिलं, पुकारा, कोणी दावा करून नेलं. वरच्या ओळीत करडी घोडी, शेपटी आखूड, गवत, एक पुकारा, नेली. खालच्या ओळीत दोन मेंढ्या. मधे हे:

"११ नोव्हेंबर, मार्टिनचा दिवस. चपट्या दगडावर पेंढ्यात एक मूल, मुलगा, अंदाजे महिन्याचा. खूण: डाव्या हाताची करंगळी वाकडी. खायला: दूध. पुकारा: तीन रविवार चर्चच्या दाराशी." शेवटचा रकाना रिकामा. त्याखाली बारीक अक्षरात: "मला मूलबाळ नाही. ठेवून घेतला. कोंडवाड्यात सापडला म्हणून मार्टिन पिंडर नाव घातलं. जोसिया ग्रीव्ह, कोंडवाडेवाला."

ग्रीव्ह. पहिला कोंडवाडेवाला ग्रीव्ह होता. पिंडर तो नव्हताच. पिंडर म्हणजे आमच्या घराण्यातला पहिला माणूस गुरं कोंडणारा नव्हता, त्याला गुरांमध्ये आणून टाकलं होतं. तीन रविवार गावापुढे ओरडून विचारलं हा कुणाचा, आणि कोणी हूं की चूं केलं नाही.

मर्टलने भिंग खाली ठेवलं आणि माझा डावा हात हातात घेतला. आमच्या दोघांच्याही करंगळ्या वाकड्या आहेत. बाबांचीही होती. ती रडत होती. मी नाही. मला लाज वाटत होती, आणि कशाची ते सांगता येत नव्हतं.

१९ नोव्हेंबर

आयुष्यभर मी बाहेरून आलेल्या माणसांना विचारत आलो, तुम्ही कुठले? मेलथॉर्पचे नाही ना?

आज बाहेर पडलो नाही.

२३ नोव्हेंबर

उद्या बैठक. दोन वाटा आहेत. १७९० नंतरच्या वह्या टेबलावर ठेवायच्या. त्यात सगळीकडे पिंडर, पिंडर, पिंडर. याआधीची वही नाही का असं कोणी विचारलं, तर नाही म्हणायचं. पाद्रींना मी पावती दिलेली नाही. बाई बोलणार नाहीत, असं त्या म्हणतात.

मर्टलने दुपारी चुलीत कोळसे घातले आणि झाकण उघडंच ठेवून म्हणाली, "एडी, जाळायची असेल तर आत्ता जाळ. मी बघितलं नाही असं समज. मला या घरातून जायचं नाही रे. मला खूप भीती वाटते." एवढं ती पहिल्यांदाच बोलली. सप्टेंबरपासून ती घाबरलेली आहे आणि मला लोकर खराब आहे असं वाटत होतं.

वही मांडीवर घेऊन बसलो. चाळिसेक वर्षं मी नियमावर बोट ठेवून लोकांची जनावरं कोंडली. पाद्रींचा घोडा कोंडला. हॉरिसची कालवड कोंडली. त्या ग्रीव्हला एक ओळ गाळणं किती सोपं होतं! पोर कुशीत घ्यायचं आणि माझंच म्हणायचं, कोण विचारणार होतं? पण त्याने लिहिलं.

चुलीचं झाकण मी लावलं. मर्टलने चहा केला.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

बैठक नेहमीप्रमाणे पबच्या मागच्या खोलीत झाली. बारा पंच, इस्टेटचा एक तरुण गृहस्थ टाय लावून, मागच्या बाकावर मर्टल, तिच्या शेजारी क्लेडनबाई.

इस्टेटच्या माणसाने विचारलं, "पहिल्या कोंडवाडेवाल्यापासूनचा वंश दाखवणारं काही आहे का?"

मी पहिली वही ठेवली आणि म्हणालो, "आहे. पण ते मला हवं तसं नाही." आणि वाचलं. करड्या घोडीपासून मेंढ्यांपर्यंत, एकही शब्द गाळला नाही. "रकाना रिकामा" म्हणताना आवाज फाटला.

इस्टेटच्या माणसालाच अवघडल्यासारखं झालं. तो हळूच म्हणाला, "म्हणजे रक्ताचा वंश नाही."

"नाही," मी म्हणालो.

हॉरिस बर्किटने पाइप खाली ठेवला. "एडविन, तो दाव्याचा रकाना अजून रिकामाच आहे ना?"

"वाचलं ना आत्ता."

"मग पुकारा कर. काम तुझंच आहे."

"कसला पुकारा?"

"तीन झाले. आज चौथा. ऊठ, लेका."

मला वाटलं, चारचौघांत कालवडीचा सूड घेतोय. इतका संताप आला की ताडकन उभा राहिलो आणि चर्चच्या दाराशी ओरडतात तसं ओरडलो, "कोंडवाड्यात मूल सापडलंय! कुणाचा दावा?"

"आमचा," हॉरिस म्हणाला.

मी म्हणालो, "खूण सांग." खरंच सांगतो, सवयीने तोंडातून गेलं.

"खूण?" हॉरिस उठून उभा राहिला. "करंगळी वाकडी. तोंड त्याहून वाकडं. भरल्या गावात कोणावर विश्वास नाही. शहात्तर साली माझी कालवड कोंडली, आणि गावाला प्यायला पाणी नव्हतं तेव्हा स्वतःच्या वाट्याचं पाणी तिला पाजलं. तीन दिवस वाफ्यातली गाजरं घातली. परत आली ती माझ्याकडचं गवत खाईना. अठरा वर्षं याला सांगेन म्हणतोय, पण हा उभा करतो कुठे?"

लोक हसले. हॉरिस हसला नाही. म्हणाला, "रिवाज काय आहे ते पंच सांगतात, इस्टेट नाही. ग्रीव्हने याच्या माणसाला घर दिलं, काम दिलं, म्हणजे तोच त्याचा वंश. आमच्या वाडवडलांनी तेव्हा हात वर केला नाही. आज करा."

मी मोजले. बारा हात. मागे मर्टलनेही केला होता, तो धरायचा नसतो. क्लेडनबाईंचाही नसतो. इस्टेटच्या माणसाने पेनाचं टोपण काढलं आणि घर वंशातच आहे असं लिहून घेतलं.

मी खाली बसलो आणि सगळ्यांसमोर रडलो. लपवून काय करू? रडलो.

२५ नोव्हेंबर

सकाळी जुन्या शाळेच्या घरी गेलो, वही आणि शाईचं पेन घेऊन. खिशातली पांढरी पट्टी क्लेडनबाईंना परत दिली. पान पुस्तकात घालायची परवानगीही दिली. मग रिकाम्या रकान्यावर पेन टेकवणार, तोच त्या किंचाळल्या.

"अहो! अडीचशे वर्षांच्या कागदावर शाई? जुन्या कागदापाशी शाई आणायची नसते. आमच्या दप्तरखान्यांतून यावरून माणसांना बाहेर काढतात." आणि मला आपली पेन्सिल दिली.

म्हणजे पेन्सिलीचं कारण हे होतं तर. विचारलं असतं तर सांगितलं असतं त्यांनी.

अक्षर नीट आलं. १७४१, ११ नोव्हेंबर, मूल, मुलगा. शेवटच्या रकान्यात लिहिलं: "दावा आला. नेलं, मेलथॉर्प गावाने."

बाईंनी मुरंब्याची बाटली दिली, घरी केलेला आहे म्हणाल्या. झाकण दुकानातल्या बाटलीचं दिसतंय. तरी मी चहाला थांबलो.